मागायचं नाही, सांगायचं

गार्डसाहेबांच्या घरात देवाकडे काही मागायला बंदी होती.

सांगायला नव्हती. सांगा खुशाल. दिवसभर काय केलं, कोणाशी भांडलो, कुठे चुकलो, गल्लीत कोण आजारी आहे, सगळं सांगायचं, आमेन म्हणायचं आणि जेवायला बसायचं. 'दे' हा शब्द त्या घरात फक्त साहेबांच्या पत्नी, म्हणजे आजी, वापरायच्या, तोही "ते झाकण दे" एवढ्यापुरता.

मी त्यांचा भाडेकरू. नागपुरात सदरमध्ये, मोठ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. तीन खोल्या त्यांच्या, एक माझी, आणि मध्ये एक अशी भिंत की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून मी माझा वरणभात उतरवत असे. खोली पाहायला गेलो तेव्हा मी तिशीचा होतो, सरकारी कचेरीत नवा कारकून. साहेबांनी मला दोन प्रश्न विचारले. "दारू पिते काय?" आणि "मागते काय?"

मी म्हणालो, "नाही साहेब, साखर-चहापत्ती मी माझी आणतो."

"देवाकडं मागते काय, ते विचारून राहिलो."

आता खोटं कशाला बोलू? मी गावाकडचा माणूस. आमच्याकडे देवाशी सगळा व्यवहार नवसाचाच. दहावीला नवस, नोकरीला नवस. लग्नासाठी टेकडीच्या गणपतीला बोललेला नवस तेव्हा विचाराधीन होता. (आज मी चाळिशीला आलो, प्रकरण अजून विचाराधीनच आहे.) हे सगळं मी त्यांना सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाले, "पोरगा खरं बोलते वं. देऊन टाकू खोली."

खरं बोलणारा म्हणून मला खोली मिळाली, हे वाक्य लिहिताना आज हात जरा थांबतो.

साहेब पस्तीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. मालगाडीचा गार्ड म्हणजे चाळीस-पन्नास डब्यांच्या शेवटी, एका लोखंडी खोक्यात एकटा बसलेला माणूस. पुढे इंजिनात दोघं असतात, गप्पा तरी मारतात. मागे हा एकटा. मेलगाड्यांना वाट द्यायची म्हणून मालगाडी कुठल्यातरी आडबाजूच्या रुळावर चार-चार तास उभी राहायची. "मग करावं काय गा?" ते म्हणायचे, "देवाशी बोलत बसलो. पण हाताले सवय रिपोर्ट लिहायची. मग देवालेही रिपोर्टच दिला. एवढ्या वाजता निघालो, एवढ्या वाजता थांबलो, अमुक घडलं, तमुक नाही घडलं. खाली सही."

माणसांशी ते असं खास नागपुरी बोलायचे, पण डोळे मिटले की एकदम बदलायचे. "हे स्वर्गीय पित्या, आज दुपारी मी माझ्या पत्नीस उद्देशून कठोर शब्द उच्चारले." भिंतीपलीकडे मला हे ऐकू यायचं आणि चहा नाकात जायचा. कारण ते कठोर शब्दही मी दुपारी ऐकलेले असायचे, आणि ते काही उच्चारण्यासारखे नव्हते.

चर्चला ते देऊळ म्हणत. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून म्हणत आले होते. रविवारी सकाळी देवळात जायला घरातून मिरवणूक निघायची. पुढे आजी, मग नातू, मग नात आणि सर्वांत मागे साहेब. फाटकाला कडी लावली की ते खिशातून शिट्टी काढून वाजवत आणि निवृत्त होताना लाडानं जवळ ठेवलेली हिरवी झेंडी दाखवत. तोवर आजी पाऊल उचलायच्या नाहीत. कोपऱ्यावरचा पानवाला त्यावर घड्याळ लावायचा.

देवळात त्यांचं बाक ठरलेलं, डावीकडचं शेवटचं. नव्या पाळकसाहेबांनी एकदा आग्रह केला, तुम्ही मंडळीतले ज्येष्ठ, पुढे बसा. साहेब म्हणाले, "इंजिनाले पुढचं दिसते, पाळकसाहेब. मागं काय सुटून पडलं, ते गार्डले दिसते. मी मागंच बरा." याच पाळकसाहेबांनी त्यांना मागण्याच्या बंदीबद्दलही छेडलं होतं. शास्त्रात तर मागा असंच लिहिलं आहे ना? साहेब म्हणाले, "लिहिलं आहे. शास्त्रावर माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या घरात नाही."

त्यांच्या निष्ठा अशाच असायच्या, एकदा लागल्या की सुटायच्या नाहीत. त्यांचा न्हावी त्यांच्याच वयाचा होता आणि त्याचा हात थरथरायचा. साहेब दर महिन्याला कानामागे एक नवी जखम घेऊन यायचे आणि आजी हळद लावता लावता बडबडायच्या. नातू पाच वर्षांचा झाला तेव्हा त्यालाही तिथेच नेलं. पोराची झालर एका बाजूनं कपाळावर, दुसऱ्या बाजूनं गायब. मी म्हणालो, "साहेब, निदान पोराला तरी दुसरीकडे न्या."

"काहून? त्याचा हात थरथरते म्हणून?"

"म्हणूनच."

"हात चांगला होता तेव्हा तर सारे जात होते गा. आता जाते तोच त्याचा गिऱ्हाईक. पोराले हे आत्ताच समजलं पाहिजे. केस काय, येतात वापस."

ही दोन नातवंडं म्हणजे साहेबांचा सगळा प्राण. सलोमी सात वर्षांची, शमू पाच. त्यांचे आईवडील बेसाला फ्लॅटमध्ये राहायचे, दोघंही नोकरीवाले. शनिवारी दुपारी मुलांना इथे सोडायचे आणि रविवारी संध्याकाळी न्यायचे. साहेबांचा मुलगा देवळात येत नसे. रविवार हा त्याचा झोपेचा वार होता. साहेब त्याबद्दल भांडले नाहीत, पण एकदा मला म्हणाले, "मधला डबा सुटला माझा. मागचे दोन आहेत, ते सरळ माझ्यालेच जोडून राहिलो. घर-दार पोराचंच आहे. मले त्यांना द्यायले एवढे शनिवारच आहेत."

शनिवारी संध्याकाळी सातला शिट्टी वाजायची. घरची प्रार्थना. मलाही बोलावत. मी म्हणायचो, साहेब, मी तुमच्यातला नाही. ते म्हणायचे, "भाड्यानं जोडलेला डबाही गाडीतच असते. बस." मग मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. एक गाणं व्हायचं, ज्यात आजी सुरात आणि साहेब जोरात असायचे. मग शास्त्रातला एक उतारा. आणि मग मुलांचे रिपोर्ट.

शमू उभा राहायचा. "देवा, मी शाळेत एका पोराले चावलो. त्यानं आधी चावलं होतं."

"त्याचा रिपोर्ट तो देईल," साहेब डोळे मिटूनच म्हणायचे. "तू तुझा दे."

"देवा, मी चावलो. दोनदा चावलो. आमेन."

सलोमी मात्र हुशार. तिला बंदीचं कुंपण कुठे वाकतं ते बरोबर सापडलं होतं. एका शनिवारी तिनं हात जोडले आणि म्हणाली, "देवा, मी काहीच मागून नाही राहिले. फक्त सांगून राहिले, की आमच्या वर्गात सगळ्यांकडे चोवीस खडूंचा डबा आहे. त्यात सोनेरी पण असते. माझ्याकडे बाराचा आहे. त्यात नाही. आमेन."

आमच्या कचेरीत याला 'माहितीस्तव सविनय सादर' म्हणतात. मला हसू आवरेना. साहेबांच्या मिशीलाही थोडा कंप सुटला, पण त्यांनी चालवून घेतलं. तांत्रिकदृष्ट्या रिपोर्ट बरोबर होता.

आणि मला दुर्बुद्धी सुचली.

रविवारी सकाळी सगळे उठायच्या आधी मी चोवीस खडूंचा डबा त्यांच्या खिडकीत ठेवून आलो. थोड्या वेळानं भिंतीपलीकडे जी किंकाळी उठली, तिनं मला जो आनंद झाला, तसा आजवर पगारवाढीनंही झालेला नाही. "आजोबा! देवानं वाचलं!" आजींना वाटलं साहेबांनी आणला, साहेबांना वाटलं आजींनी. दोघंही एकमेकांकडे कौतुकानं पाहत राहिले. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही. देव असण्यात केवढी मजा आहे ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी चटावलो. पुढच्या वेळी शमूचा हरवलेला बूट. तो मी गल्लीच्या नालीतून काठीनं काढला, तीन पाण्यांनी धुतला आणि पायरीवर ठेवला. त्याच्या पुढच्या शनिवारी सलोमीनं देवाच्या कानावर घातलं की मांजराची पिल्लं थंडीत बाहेर कुडकुडतात आणि आजोबांच्या घरात एक कोपरा रिकामा आहे. आमच्या कचेरीखालच्या झेरॉक्सवाल्याकडे मांजर नुकतंच व्यालं होतं, पण त्याचं दुकान उघडणार सोमवारी. म्हणून मी रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो आणि कापडी पिशवीत पिल्लू घालून ऑटोत बसलो. शेअरच्या ऑटोतली एक बाई माझ्याकडे संशयानं पाहत राहिली आणि शेवटी म्हणाली, "भाऊ, तुमची पिशवी रडून राहिली." मी म्हणालो, मोबाइल आहे. मंडळी देवळात होती तेवढ्यात पिल्लू ओसरीत सोडलं. त्यानं दुपारपर्यंत गाण्याच्या पुस्तकावर मुतून आपण स्वर्गातून आलो नसल्याचा पुरावा दिला. पण तो पुरावा कोणी विचारात घेतला नाही.

विचार सलोमीनं केला. पोर हुशार, म्हणून निष्कर्षही हुशार. दुसऱ्या शनिवारी ती आजीला समजावत होती, "आजी, देव फक्त सदरमध्ये ऐकते. मी बेसाले पण सांगून पाहिलं. तिथं रेंज नाही."

भिंतीपलीकडे मी पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांच्या नोकरीत अपघाताच्या चौकशा बऱ्याच झाल्या होत्या. त्या शनिवारी प्रार्थनेत ते म्हणाले, "सालू, आज मनातल्या मनात सांग. देवाले मनातलं पण ऐकू येते."

तिनं बराच वेळ डोळे मिटून सांगितलं. मी स्टुलावर बसून मान लांब करत होतो.

रविवारी खिडकी रिकामी होती. पायरी रिकामी होती. दुपारी मी ओसरीत कपडे वाळत घालत होतो. साहेब येऊन खुर्चीवर बसले.

"काल देव बहिरा झाला काय गा?"

"मी काय सांगू, साहेब."

"तूच सांगू शकते. काल तुझ्या कानावर काही पडलं नसंल ना."

मी ओला शर्ट हातात धरून उभा. मग धीर करून म्हणालो, "साहेब, यात वाईट काय झालं? पोरीचा विश्वास वाढलाच ना. आमच्याकडे नवस फळला की माणूस देवाला जास्त धरून राहतो."

"आणि नाही फळला तर?"

"तर दुसऱ्या देवाकडे जातो." मी आपलं गमतीनं म्हटलं.

"आमच्याकडं दुसरा नाही," साहेब म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते तोवर मला माहीत नव्हतं. बेसाच्या मुलाआधी त्यांना एक मुलगी होती. तीन वर्षांची. तिला ताप भरला आणि साहेबांना ड्यूटीवर जावं लागलं. गाडी एका आडबाजूच्या रुळावर सकाळपासून दुपारपर्यंत उभी राहिली. "असा मागत बसलो गा, असा मागत बसलो, की लोखंडाले पाझर फुटावा. घरी आलो तर अंगणात माणसं उभी." पुढे तीन वर्षं ते देवाशी एक अक्षर बोलले नाहीत. देवळात जायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि तसेच उठून यायचे. "मग एक दिवस त्याच डब्यात बसलो होतो. म्हटलं, तुले काही मागत नाही आता. फक्त सांगत जातो. तू ऐकत जा. तेवढ्यावर जमलं आमचं."

माझ्या हातातल्या शर्टाचं पाणी पायावर गळत होतं.

"मी त्या पोरीले एवढंच देऊन राहिलो होतो. नाही भेटलं तरी बोलणं सोडायचं नाही. आणि तू तिले दुकान लावून दिलं."

मी म्हणालो, "चुकलं साहेब. तुम्ही सांगून टाका तिला."

"मी नाही. मी सांगितलं तर काका चोर ठरते. तू सांगितलं तर काका चुकला, एवढंच होते. साखळी ज्यानं ओढली त्यानंच उतरून सांगायचं."

मी कबूल झालो. फक्त एक सवलत मागितली. नाताळ जवळ आला होता आणि देवळातल्या कार्यक्रमासाठी सलोमी त्या सोनेरी खडूनं मोठा तारा रंगवत होती. तेवढा नाताळ होऊ द्या, मग सांगतो. साहेब म्हणाले, "बरं." मागणाऱ्याला त्यांनी दिलेली ती पहिलीच आणि शेवटची सवलत. मी तिचं काय केलं ते आता सांगतो.

नाताळ झाला. आजींच्या करंज्या झाल्या, केक झाला. तारा सगळ्यांना आवडला. नव्या वर्षाच्या पहिल्या शनिवारी सांगू म्हटलं, तर शमूचा वाढदिवस निघाला. दुसऱ्या शनिवारी तिला सर्दी होती. सर्दी झालेल्या मुलीला काय सांगायचं? सरकारी माणसाला पुढची तारीख देणं शिकवावं लागत नाही. साहेब दर रविवारी माझ्याकडे नुसते पाहत आणि झेंडी खिशात ठेवत.

जानेवारीच्या शेवटी त्यांना न्यूमोनिया झाला आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं.

त्या शनिवारी शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं, तरी सातला सगळे बसले. आजींच्या तोंडून शब्द फुटेना. शमू रडत होता. सलोमी मात्र अगदी शांत. तिनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, आजोबा आजारी आहेत. त्यांना घरी यायचं आहे. आमेन." मग आजीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आता काहून रडते आजी? सांगितलं ना मी. उद्या सकाळी पाहा तू."

ती हे मोठ्यानं म्हणाली, कारण देवाला सदरमध्ये मोठ्यानं सांगितलेलं ऐकू येतं, हा तिचा अनुभव होता. तो अनुभव मी तिला विकत आणून दिला होता, चोवीस खडूंच्या डब्यात घालून.

सकाळी ती खिडकीपाशी गेली, मग पायरीवर, मग फाटकापाशी. फाटकापाशी ती देवळाची वेळ होईपर्यंत उभी राहिली. मी दार किलकिलं करून पाहत होतो. तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं. मी दार लावून घेतलं.

दुपारी साहेबांना पाहायला गेलो. ते उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी. मी बसताच त्यांनी विचारलं, "सांगितलं काय?"

मी म्हणालो, "हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं काका."

"रडली नाही?"

"नाही साहेब. समजूतदार आहे."

पस्तीस वर्षं रिपोर्ट लिहिलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग खिडकीकडे. म्हणाले, "बरं." नंतर म्हणाले, "पोरीले आण उद्या. एकटीले."

मुलं त्या आठवड्यात आजीपाशीच राहिली होती, म्हणून सोमवारी मीच तिला घेऊन गेलो, शाळेला दांडी मारून. ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसलो. दहा-बारा मिनिटांनी ती आली. डोळे लाल नव्हते. माझ्याकडे मान वर करून तिनं असं पाहिलं, जसं कोणीतरी आता काही बोलेल म्हणून माणूस थांबतो. मी विचारलं, "उसाचा रस पितेस?"

गुरुवारी साहेब गेले.

दफनाला बरीच माणसं होती. रेल्वेतले म्हातारे गार्ड आले होते, थरथरत्या हाताचा न्हावीही होता. पेटी निघाली आणि सगळे तिच्यामागून चालू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच साहेब सर्वांच्या पुढे होते. आजी दोनदा थांबल्या आणि मागे वळून पाहिलं.

मला वाटलं होतं, आता पोर प्रार्थना सोडणार. पण नाही. आजी सदरचं घर सोडायला तयार नव्हत्या, त्यामुळे मुलं शनिवारी येतच राहिली. सातला शमू शिट्टी वाजवायचा, मी स्टुलावर बसायचो. आता सलोमी रिपोर्ट मोठ्यानं देत नसे. मनातल्या मनात, डोळे घट्ट मिटून, बराच वेळ. कधी कधी शमू चुळबुळायचा, आजी डोळे उघडून पाहायच्या, तरी हिचं चाललेलंच. आमेन म्हणून डोळे उघडले की तिची नजर पहिली माझ्यावर पडायची. मी हसायचो, तीही थोडी हसायची.

आणि मी स्वतःला सांगायचो, काही बिघडलं नाही. उलट पोर किती भाविक निघाली. साहेब उगाच घाबरले. मग आता जुनं उकरायचं कशाला? पोरीच्या श्रद्धेला धक्का लागेल! कामचुकारपणाला इतकं सोवळं कारण माझ्या नोकरीत मला कधी सापडलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. मग एका शनिवारी ती मोबाइल हातात घेऊन बसली. गाणं म्हटलं, उतारा ऐकला, आणि तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "माझं काही नाही, आजी. शमू, तू सांग." पुढच्या शनिवारीही तेच. मग क्लास लागला आणि ती सातनंतर यायला लागली. रविवारी उशिरा उठायला लागली. मी म्हटलं, वय आहे. तिचा बापही असाच झोपतो.

गेल्या महिन्यात आजींना बेसाला न्यायचं ठरलं. गुडघे फारच गेले होते. घर रिकामं करायचं होतं, मलाही दुसरी खोली पाहायची होती. सामान बांधायला सलोमी आली. आता अकरावीत आहे, माझ्या खांद्याला लागते. आम्ही दोघं पुस्तकं खोक्यांत भरत होतो. आजी आत झोपल्या होत्या. आता नाही सांगितलं तर हिची माझी गाठ लग्नाकार्यातच पडणार, हे मला दिसत होतं.

मी म्हणालो, "सालू, तुला एक सांगायचं राहिलं आहे."

तिचा हात थांबला. "सांगा ना, काका."

सगळं सांगितलं. खडू, बूट, मांजर. साहेबांना दिलेला शब्द. दवाखान्यात मारलेली थाप. सांगताना मी गमतीजमती घालायला गेलो, रडणाऱ्या पिशवीचं वगैरे, पण त्या मध्येच गळून पडल्या. ती खाली मान घालून ऐकत होती. संपलं तेव्हा तिनं खोक्यावर चिकटपट्टी ओढली.

"मले माहीत होतं, काका. शमूनं तुम्हाले पिशवी घेऊन येताना पाहिलं होतं. त्याले सर्दी होती, तो देवळात आलाच नव्हता, समोरच्या घरी खिडकीत बसून होता. आजोबा गेले त्याच्यानंतर सांगितलं त्यानं मले."

"आजोबांनी काही नाही सांगितलं? त्या दिवशी?"

"ते नाही सांगितलं. एवढंच विचारलं, काकानं तुले काही सांगितलं काय? मी म्हटलं, नाही. मग जरा हसले. म्हणाले, आजपर्यंत मी तुले मागू दिलं नाही. आता एक गोष्ट माग." तिनं चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला. "मी म्हटलं, तुम्ही घरी याल असं मागू? तर म्हणाले, ते नको. काकाले तुले काहीतरी सांगायचं आहे, त्याच्यानं होऊन नाही राहिलं. त्याच्यानं व्हावं, असं माग. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी."

आत आजी कूस बदलून कण्हल्या. आम्ही दोघांनीही तिकडे पाहून घेतलं.

मी विचारलं, "आणि तू मागितलंस?"

"दर शनिवारी."

"किती दिवस?"

"आठवीपर्यंत." तिनं चिकटपट्टी दातानं तोडली आणि खोकं भिंतीकडे सरकवलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "सहा वर्षं मागितलं, काका. तुम्ही तर इथंच बसून होते."